दार वजा केल्यावर

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गुडघा उताराला लागलाय हे वाचून हायसं वाटलं, पण म्हणून लगेच जिन्याची चढउतार सुरू करू नकोस. खरं तर फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन दाजी उचलतात आणि "काय शास्त्रज्ञबाई, सूर्य जागेवर आहे ना?" इथून जे सुरू होतं ते तुझ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून आपलं पत्र बरं.

शेजारणीला सांगायला म्हणून तू विचारलंस, मी नक्की करते काय. सांग तिला, वारा मोजते. सूर्यातून बारीक कणांचा वारा सारखा सुटलेला असतो. ज्या ग्रहाला स्वतःचं चुंबकत्व आहे त्याच्याभोवती कवच असतं. वारा त्यावर आदळतो आणि बाजूने निघून जातो. आमचं यान त्या कवचातून आतबाहेर करतं, आणि यानाच्या लांब दांडीच्या टोकाला बसवलेला मापक चुंबकत्वाचे आकडे पाठवत राहतो. कवचाची वेस ओलांडली की आकडा उसळतो. काही कण मात्र आत अडकतात ते अडकतातच. या ध्रुवापासून त्या ध्रुवापर्यंत हेलपाटे घालत राहतात. आजकाल मला त्यांची कीव येते. असो. आलेले आकडे साफ करायचे, हे माझं काम. शेजारीण म्हणेल, याला पगार देतात?

खोली तीच आहे, खिडकी न उघडणारी. टेबल तेवढं मोठं झालंय.

दाजींचा दरारा इथे अजून सांगतात. मापकाजवळ लोखंडाचा तुकडा गेला की आकडे बिघडतात, म्हणून जुळणीच्या खोलीच्या दारात उभं राहून ते प्रत्येकाचा पट्टा, घड्याळ, केसांतल्या पिना काढून घ्यायचे. एकदा संचालकांचाही पट्टा काढून घेतला, आणि ते बिचारे तासभर एका हाताने पँट धरून यान बघत फिरले! हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता दुसऱ्या यानाची जुळणी सुरू होतेय आणि दारावर माणूस हवाय. दाजींचा अर्ज शेऱ्यासाठी माझ्याकडे आला. चार बरे शब्द लिही म्हणालीस, लिहिले. "सहा वर्षांपूर्वीची एक चूक वगळता यांच्याइतका काटेकोर तंत्रज्ञ मी पाहिलेला नाही. एका चुकीपायी माणूस कायमचा बाहेर ठेवू नये." साहेबांना आवडलं. म्हणाले, नात्यातला माणूस असूनही तुम्ही चूक झाकली नाहीत.

तेव्हा काम होईल असं धरून चाल. त्या पंपांच्या जळक्या मोटारी बांधायच्या दुकानातून सुटतील एकदाचे. तेव्हा नेमकं काय घडलं होतं, हे तू पुन्हा विचारलंयस. तो विषय नको गं. झालं ते झालं.

तुझी लाडकी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

ताई,

हे कुरिअरने पाठवतेय. शनिवारी पोचेल. एकटी असशील तेव्हा वाच.

काल ऑफिसात दाजींचा फोन आला. सूर्याची चौकशी केली नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. नेमणुकीच्या समितीने अट घातलीय. "सहा वर्षांपूर्वीची चूक माझ्या हातून झाली" असं लिहून द्या, मग घेतो. तुला त्यांनी हे सांगितलं नसणार.

म्हणाले, "अगं, मोटार बांधता बांधता तोच आठवडा डोक्यात फिरतो. वहीत सगळे आहेत, कोण आत गेलं, काय काढून ठेवलं. एकही सुटलेला नाही. पण तुझं ते यान काही माझ्यावर खोटा आळ घेणार नाही ना? म्हणजे मीच कुठेतरी हुकलो. सोमवारी येतो आणि सही करून टाकतो. तू शेरा फार चांगला लिहिलास हो."

मी म्हणाले, "बरं."

ताई, मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग फाईल उघडून कामाला लागले.

दाजी हुकले नव्हते. चूक माझी होती.

यान रवाना व्हायच्या आधीच्या आठवड्यात, दांडीवरची वायर धरून ठेवणारी एक पट्टी मी घट्ट करत होते. मापकापासून हातभर अंतरावर. तिचा टायटॅनियमचा, चुंबकाला न चिकटणारा स्क्रू माझ्या बोटांतून निसटला आणि चबुतऱ्याखाली गेला. अशा वेळी लगेच कळवायचं असतं. खोली बंद होते, सगळे शोधतात, दोन दिवस जातात. साहेब आधीच माझ्यावर खार खाऊन होते. मापकाला फक्त ने-आण करताना लावायच्या झाकणाचे चार पोलादी स्क्रू शेजारी वाटीत होते, त्याच मापाचे, दिसायलाही तसेच. मी त्यातला एक लावला. म्हटलं, पडलेला सापडला की बदलू. पंधरा मिनिटांत सापडलासुद्धा! पण तेवढ्यात तपासनीस येऊन स्क्रूंवर चिकटद्रव्य लावून गेला होता. आता उकरायचं तर कारण सांगावं लागणार. मी सापडलेला स्क्रू वाटीत टाकला आणि वाटी दारात दाजींकडे दिली. त्यांनी मोजले. चार भरले. बाहेर जाणाऱ्या पोलादी वस्तूला ते एकदा चुंबक लावून बघायचे, ती खरंच पोलादी आहे ना म्हणून. त्या दिवशी नाही बघितलं. वाटी मी दिली होती ना.

पुढचं थोडंफार तुला माहीत आहे. यान सूर्याच्या वाऱ्यात शिरलं. तिथे आकडा पाचच्या आसपास यायला हवा होता, आणि आमच्याकडे नऊ जादा येत होते. यानावरच लोखंडाचं काहीतरी आहे हे उघड झालं. चौकशीत दारावर ठपका आला, आणि दारावर सही दाजींची. नोकरी त्यांची गेली. मी तिसऱ्या खुर्चीत बसून टिपणं घेत होते.

त्या जादा आकड्याला इथे सगळे "दार" म्हणतात. रोज सकाळी माझं पहिलं काम, दार वजा करायचं. ऊन-सावलीप्रमाणे तो थोडा हलतो, त्यामुळे कुणालाच नीट पकडता येत नव्हता. मी आठवड्यात पकडला. तिथून माझी चढती कमान. विभाग माझ्याकडे आला, निबंधांवर माझं नाव पहिलं आलं. नव्या लोकांना सांगतात, बाईंना आकडे दिसतात. मला आकडे दिसत नाहीत गं. मला स्क्रू दिसतो. तो कुठे आहे हे ठाऊक असल्यावर बाकीचं कुणालाही जमलं असतं. माझी सगळी हुशारी एवढीच आहे.

सांगायला गेले नाही असं नाही. तीनदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. एकदा तर आत जाऊन बसले, आणि दोन दिवसांची रजा मागून परत आले. सांगावं तर खुर्ची, नाव, इतक्या वर्षांचं काम, सगळं जाईल. दाजींनीच मला या नोकरीचा अर्ज भरायला लावला होता, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? आणि नाही सांगितलं तर उद्या सकाळी पुन्हा दार. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मनातल्या मनात वजा करते. याची मला लाज वाटते, पण लाजेने माणूस उठत नाही, हेही मला कळलंय. नुसता बसून राहतो.

समितीसाठी सगळं लिहून काढलंय. दोन पानं आहेत, सही केलेली. ती माझ्या खणात आहेत, आणि मी स्वतःला ओळखते, तिथेच राहतील. म्हणून आधी तुला लिहिलं. तुला कळलं की मला मागे फिरता येणार नाही. माफी मागत नाही. तू दिलीस तर मी पुन्हा गप्प बसेन.

सोमवारी दाजींना घराबाहेर पडू देऊ नकोस. चपला लपव, भांडण काढ, काय वाटेल ते कर, पण त्या कागदावर त्यांची सही होता कामा नये. ती माझी हवी. आणि मंगळवारी दुपारपर्यंत समितीकडून त्यांना फोन आला नाही, तर मी पानं दिली नाहीत असं समज. मग हे पत्र घेऊन तू स्वतः इथे ये. दाजींनाही आण. साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलाव आणि मोठ्याने वाच.

मी उठून जाणार नाही.

धाकटी