ग्रुप चार, दिग्दर्शक मी

३ फेब्रुवारी

शेवटच्या सेमिस्टरची फिल्म जाहीर झाली. मार्चअखेर स्क्रीनिंग. पुण्याच्या एका स्टुडिओचे साहेब येणार, दोघांना कामाला घेऊन जाणार. म्हणजे मी आणि आणखी कोणीतरी.

मेघा मॅडमनी ग्रुप पाडले. ग्रुप चारमध्ये मी, मुख्तार, सदफ आणि दीपमाला. मुख्तार माझा रूममेट, सिल्लोडचा. कॅमेरा बरा धरतो, डोकं चालवत नाही. सदफ इथलीच. साउंड आणि एडिटिंग करते, न विचारता मत देते. दीपमाला सगळं लिहून घेते, त्यामुळे हुशार वाटते. दिग्दर्शक मी. मतदानाचा प्रश्न आला नाही, कारण मी तो येऊ दिला नाही.

संकल्प: कोणावर ओरडायचं नाही.

६ फेब्रुवारी, दुपारी

कॅन्टीनमध्ये मीटिंग. माझी कथा सांगितली. एक माणूस. ओसाड डोंगर. तो चालतो. संवाद नाहीत. शेवटी थांबतो.

सदफनं विचारलं, माणूस कोण आणि चालतोय कुठं. मी म्हणालो, असे प्रश्न सीरियल बघणारे विचारतात. ती म्हणाली, मग मी सीरियल बघणारी, सांग.

मग तिनं स्वतःची कथा काढली. सिटी चौकामागं तिची मुनिरा खाला, म्हणजे मावशी, राहते. त्या गल्लीत नळाला पाणी येतं, त्या दिवसाची गोष्ट. त्या दिवशी कोणी गावाला जात नाही, कोणी पाहुणा बोलवत नाही, एका घरानं तर मंगनी पुढं ढकलली. म्हणजे बादल्यांवर फिल्म. बादल्या सगळ्यांच्या घरी आहेत, बघणार कोण.

मुख्तार म्हणाला, लई भारी. दीपमालानं लिहून घेतलं. माझ्या कथेच्या वेळी तिचं पेन बंद होतं.

ओरडलो नाही. टेबलावर हात आपटला. चहा तिच्या वहीवर सांडला, त्याला मी काय करू.

१० फेब्रुवारी

मॅडमना एकटा भेटलो. ग्रुपला दृष्टी नाही असं स्पष्ट सांगितलं. मॅडम म्हणाल्या, सत्यम, फिल्म एकट्याची नसते. मी म्हणालो, माझी असते. त्यांनी यादीत माझ्या नावाखाली रेघ मारली. मग म्हणाल्या, ठीक आहे, वेगळी कर, पण मार्कही वेगळे पडतील. इतक्या पटकन परवानगी, याचा अर्थ उघड आहे. मॅडमना माझ्याकडून फार अपेक्षा आहेत.

संध्याकाळी वडिलांचा फोन. वडील म्हणजे काकासाहेब, वैजापूरला मार्केट यार्डात कांद्याची आडत. म्हणाले, चौघांचं काम एकटा कसं वढशील. कांद्याच्या माणसाला काय समजावणार. पुण्याचं जवळजवळ पक्कं आहे, एवढंच सांगितलं.

१५ फेब्रुवारी

मुख्तारला म्हणालो, उद्या फर्दापूरला चल, माझा कॅमेरा कर. म्हणाला, उद्या गल्लीत पाण्याचा दिवस, नाय जमत. मी विचारलं, तुझा दोस्त कोण, मी का बादली. म्हणाला, दोस्त तूच, पण त्या दोघींना शब्द दिलाय.

मग मी खरं ते बोललो. त्याच्यात आर्टिस्ट नाही, तो लग्नात नवरानवरीचे हार टिपणारा माणूस आहे आणि जन्मभर तेच करेल.

त्यानं गादी गुंडाळली. शेगडी त्याची होती, तीही नेली. दारात म्हणाला, आजारी पडलास तर फोन कर. इतका नाटकी माणूस तीन वर्षं सहन केला.

खोलीत आता भरपूर जागा आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार, फर्दापूर

नट म्हणून चुलतभाऊ बन्सीला आणलं. चेहरा कोरा ठेव म्हणालो, तर तो लेण्या बघायला आलेल्या पब्लिकला हात करत होता. ओसाड डोंगर निवडला, त्यावर शाळेची सहल चढली. कॅमेऱ्याची बॅटरी अर्ध्यात बसली. चार्जिंग हे कॅमेरामनचं काम, आणि कॅमेरामन बादल्यांत होता. पुढचं मोबाइलवर.

बन्सीला म्हणालो, अजून एकदा चढ. तो म्हणाला, भाऊ, सकाळपासून चढतोय, आता तूच चढ. मी त्याला बिनकामाचा म्हणालो. तो जीपमध्ये बसून गेला. सिनेमाचा सदरा अंगावरच.

उरलेली भूमिका मीच केली, फोन दगडाला टेकवून. फोकस माझ्यावर नाही, पुढच्या गवतावर आहे. हे मुद्दाम आहे. आजपासून.

२ मार्च

एडिटिंग मला येतं. लॅबच्या कॉम्प्युटरला येत नाही.

सदफ मागून आली, स्क्रीन बघून म्हणाली, अर्ध्या डोंगरात माणूस बुटका कसा झाला, आणि सदरा? मी म्हणालो, तोच तर विषय आहे. ती म्हणाली, वाऱ्यानं आवाज फाटलाय, मी साफ करून देते. उपकार नकोत म्हणालो. जाताना म्हणाली, मुख्तार तुझं विचारत असतो, काही सांगू का. मी म्हणालो, सांग, मजेत आहे.

रोज वडापावनं पोट दुखतंय. ते तिला कशाला सांगू.

१२ मार्च, सकाळी

शेवटच्या शॉटला रिकामी गल्ली हवी होती. उजाडताना सिटी चौकामागं एक हेरली. तिथं आजच पाणी आलं. मोटारी, पाइप, ड्रम, बायका. मी ओरडलो (संकल्प शूटिंगला लागू नाही) की शूटिंग चालू आहे, मोटारी बंद करा.

एक म्हातारी पुढं आली. म्हणाली, बेटा, पानी तेरे बाप का नौकर हय क्या, अब्बी भेजके फिर बुलाने को? आणि हातात पाइप दिला. ये पकड, ड्रम भरेपर्यंत गप उभा राह. मी पकडला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिचा ड्रम झाला, मग शेजारणीचा.

समोरच्या गच्चीवर मुख्तार कॅमेरा घेऊन. म्हणजे म्हातारी ती मुनिरा खाला. मी वर बघितलंच नाही. माझं काम बघून शिकत असेल तर शिकू दे.

दुपारी त्याचा मेसेज, तू आमच्या फिल्ममध्ये आलास, ठेवलं तर चालेल का. कर काय करायचं ते, असं लिहून टाकलं. मला वेळ नाही.

२८ मार्च, स्क्रीनिंग

आधी माझी. चौथ्या मिनिटाला मागची रांग चहाला गेली. पुण्याच्या साहेबांनी विचारलं, हा माणूस रस्ता चुकलाय का. मी म्हणालो, माणूसच चुकलाय. ते म्हणाले, हं.

मग त्यांची. खाला सांगत होती, ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले तर पहिलं विचारलं, आज पानी आया क्या. मागची रांग जागेवरच. आणि मग पडद्यावर मी. लालबुंद, हात वर, मोटारी बंद करा. हॉल इतका हसला की साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

तिथं कापायला हवं होतं. कापलं नाही. पाइप धरलेला मी बराच वेळ दिसतो. खाला बशीत चहा देते, काहीतरी म्हणते, आणि मी हसतो. मोठ्यानं हसतो. असं काही झाल्याचं मला आठवत नाही. एडिटिंगमध्ये केलं असणार.

साहेबांनी मुख्तार आणि सदफला निवडलं. ओळखीपाळखी.

६ एप्रिल, बसस्टँड

मुख्तारला माफ करायला गेलो होतो. आधी तो सॉरी म्हणेल, मग मी थोडा थांबून माफ करेन, असं ठरलं होतं. तो आला आणि म्हणाला, वाळलास रे. गडबड झाली. मी म्हणालो, माझा सीन लांबवलास. तो म्हणाला, कापणार होतो, पण तीन वर्षांत तुला एवढं निवांत कधी बघितलं नव्हतं.

पुण्याची बस लागली. मी खिडकीखालून सांगितलं की त्याची फ्रेमिंग ढिली होती. काच बंद होती. तो हात करत राहिला.

त्याला सोडायला आलेली दीपमाला म्हणाली, स्कूटीवर सोडते. नको म्हणालो. चालत आलो. ऊन फार होतं.

२ मे

प्रोजेक्टमध्ये नापास. मॅडमना माझी भाषा कळली नाही. वडिलांना म्हणालो, पुण्याचं पुढं गेलंय. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, जेवतो का वेळेवर. एवढंच. रागावले असते तर काहीतरी बोलता आलं असतं.

७ जुलै

प्रोजेक्ट परत. ज्युनिअर पोरांच्या ग्रुपमध्ये घातलंय. आज पहिली मीटिंग. मी डोंगराची कथा सांगितली. ऐकून घेतली. मग मतदान झालं. दिग्दर्शक कहकशा, मला दोन वर्षांनी ज्युनिअर. सगळ्यांना कामं वाटली. माझ्याकडं ट्रायपॉड आणि जेवणाचे डबे.

कॉलेजपासून स्पॉटपर्यंत चालत गेलो. ती मध्येच थांबून म्हणाली, सत्यमभाऊ, जड होत असेल तर मी घेऊ का एक.

नाय म्हणालो.