ती पाठ माझी

३ फेब्रुवारी, मंगळवार

"मीच ती" — एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

नातीचं, अश्लेषाचं, फूलबागेतल्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन लागलंय. सगळे काळे-पांढरे, माणसाच्या अंगाचे, पण इतक्या जवळून की माणूस दिसतच नाही. कोपर म्हणजे दगड, पोट म्हणजे वाळू. सगळ्यात मोठा फोटो माझ्या उघड्या पाठीचा — चंबळच्या बीहडातल्या घळी जणू! डिसेंबरात आमच्या दाना ओलीतल्या घरीच काढला. कुडकुडत म्हणाले होते, लवकर आटप, नाहीतर हा फोटो तेराव्याला लावशील. तेव्हा लाज नव्हती वाटली. मजाच आली. बहात्तर वर्षांत त्या पाठीकडे कुणी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

आज भजनी मंडळातल्या इंदुताई त्याच्यासमोर थांबल्या. हळूच म्हणाल्या, "कोण असेल हो ही? कसं जमलं असेल तिला?"

मी म्हणाले, "असेल कुणी निर्लज्ज. घरदार नसलेली."

अश्लेषा मागेच उभी होती.

४ फेब्रुवारी

अश्लेषा चहा ठेवते आणि निघून जाते. हा मोबाईल तिनेच शिकवला — मी बोलते, तो लिहितो. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित माझ्यापासूनही राखलेलं! विनोद सुचतोय, पण हसू येत नाही.

५ फेब्रुवारी

फोटो उतरवला तिने. परत लाव म्हटलं. "रहने दो आजी. तुला ज्याची लाज वाटते, ते मी नाही लावणार." रागावली असती तर बरं झालं असतं.

लाज पाठीची नाही, माझ्या तोंडाची वाटतेय. तिला हे सांगता आलं नाही.

७ फेब्रुवारी

थाटीपुरला इंदुताईंकडे गेले. रिक्षात वाक्य तीनदा घोकलं. दारातच म्हणाले, "ती निर्लज्ज मी."

हसतील वाटलं होतं. हसल्या नाहीत, टोमणाही नाही. बसा म्हणाल्या आणि आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. थोडा वेळ बसले, मग चपला घातल्या. मंडळात आता कुठल्या तोंडाने जाऊ?

८ फेब्रुवारी

सकाळी इंदुताई आल्या. माझ्याकडे नाही — अश्लेषाकडे. तिला म्हणाल्या, चार वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालंय, एक बाजू सपाट आहे, कुणाला दाखवलेली नाही. "माझा काढशील?"

मंगळवारीच, त्या फोटोसमोर, विचारणार होत्या.