पर्थचं पाहून होईपर्यंत

१० ऑक्टोबर २०२३, मंगळवार. ऑल्बनी, पश्चिम ऑस्ट्रेलिया

बावीस वर्षांपूर्वी मी आणि ग्लेनिस इथल्याच धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. मध्ये गरम चिप्सचा कागद, त्यावर व्हिनेगर जरा जास्तच झालेलं. करपलेल्या चिप्स ती स्वतः वेचून खायची आणि चांगल्या माझ्याकडे सरकवायची. काय बोललो ते आठवत नाही. दोन वर्षं आम्ही रोज एकमेकींना लिहीत होतो आणि समोरासमोर आल्यावर दोघीही लाजलो, एवढंच आठवतं.

आज त्याच धक्क्यावरून बस गेली. ग्लेनिसची भाची टॅमसिन स्टॉपवर उभी होती, हातात लॅमिंग्टन केकचा डबा. माझ्या दोन्ही बॅगा तिनेच उचलल्या. म्हणाली, रॉझ आंटी, भाड्याचं नंतर बघू, आधी केटल लावा. घर चढावर आहे. स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो. ग्लेनिसला जाऊन दीड वर्ष झालं, पण टीव्हीसमोरची तिची खुर्ची तशीच आहे, बसून बसून खळगा पडलेली. मी सहा महिन्यांसाठी आले आहे. घरी बॅथर्स्टचा उन्हाळा आता सोसत नाही असं सगळ्यांना सांगितलं.

खरं कारण वेगळं. ‘हॅलोरनचा धक्का’ ही आमची लाडकी टीव्ही मालिका संपली त्याला या सव्वीस तारखेला वीस वर्षं होतील. इंटरनेटवर तिच्या चाहत्यांचा कट्टा होता, त्यावरचे जुने बारा जण परत जमणार आहेत. परवापासून रोज एक भाग, सगळ्यांनी एकाच क्षणी सुरू करायचा आणि पाहता पाहता लिहायचं. सिडनीचे सहा, इथले दुपारचे तीन. शेवटच्या दिवशी मला कट्ट्यावर ग्लेनिसबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ती तिच्या घरात बसून सांगावी असं वाटलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला दिवस छान गेला. कट्ट्याची राखणदार अजून मीच. फाटकाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे. नियमही तेच ठेवले. तेव्हा भाग प्रत्येक राज्यात तिथल्या साडेआठला लागायचा आणि पर्थकडच्यांना, म्हणजे इथे ग्लेनिसलाही, सगळ्यांत शेवटी दिसायचा. म्हणून पर्थचं पाहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर राखाडी पट्टीखाली लिहायचं. ज्याला वाचायचं असेल त्याने पट्टी दाबावी.

न्यूकॅसलच्या डेसमंडने पहिल्याच दृश्यात डॉक्टरची छत्री हेरली. आत जाताना काळी, बाहेर येताना निळी.

‘छत्रीला वेगळं मानधन द्या रे.’

डनीडनची वर्ना लगेच धावून आली. ‘वीस वर्षं झाली, डेसमंड. छत्री बदलली, तुझा विनोद काही बदलला नाही.’

‘वर्नाबाई, तुमची कवळी सांभाळा. हसताना पडेल.’

मी एकटीच खोलीत खळखळून हसले. ग्लेनिसच्या खुर्चीत मात्र बसवलं नाही. स्टूल घेतलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज ते लिहूनच टाकते. सव्वीसला सांगताना काही सुटू नये म्हणून.

२००३. सव्वीस ऑक्टोबरचा रविवार, शेवटचा भाग. त्याच पहाटे आमच्याकडे, सिडनीच्या बाजूला, उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे झाली. पर्थकडे करत नाहीत. कट्ट्याचं घड्याळ सिडनीच्या वेळेवर चालायचं आणि ते हाताने पुढे करणं माझं काम होतं. भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. मी विसरले.

ग्लेनिसने या खोलीत भाग शेवटपर्यंत पाहिला आणि मग शेवट लिहिला, नियमाप्रमाणे. पण तिच्या पोस्टवर वेळ उमटली ती एक तास आधीची. सगळ्यांनी बोटांवर तास मोजले. त्या वेळी पर्थकडे भाग सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती! म्हणजे हिला शेवट आधीच ठाऊक होता. म्हणजे हिच्याकडे चोरीची टेप. म्हणजे आपल्याच माणसांचा शेवट हिने मुद्दाम फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूक माझ्या लक्षात आली. मी घड्याळ गुपचूप पुढे केलं. आणि ग्लेनिसला कट्ट्यावरून काढून टाकलं, कारण सगळे तेच मागत होते. लोक हसतील, किल्ली काढून घेतील, एवढीच भीती होती मला.

डेसमंडने तिचा नंबर शोधला. सहा महिने तिच्या घरी दर तासाला फोन वाजायचा आणि उचलला की बंद व्हायचा. इथल्या शाळेच्या ग्रंथालयात ती मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. वर्नाने, कट्ट्यावर सांगूनसवरून, शाळेला निनावी पत्र लिहिलं, की या बाईला मुलांजवळ ठेवू नका. नोकरी गेली. बाकीच्यांनी जमेल तसे दगड मारले. तिची मला आलेली शेवटची ओळ होती, ‘मी नाही केलं, रॉझ. कोणी ऐकत नाही.’

मी उत्तर दिलं नाही.

शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, गिळलेलं खरं पोटात कुजतं, मुलींनो. तेव्हा आम्ही बाकाखाली तोंड लपवून हसायचो.

१६ ऑक्टोबर, सोमवार

भाग संपता संपता कट्ट्यावर नवी पोस्ट आली. मथळा, ‘पुढच्या भागात’. खाली बारा राखाडी पट्ट्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. लिहिणाऱ्याच्या जागी ग्लेनिस.

ते नाव मी स्वतः बंद केलं होतं. आज पाहिलं, अजूनही बंदच आहे.

सगळ्यांना वाटलं कोणाची तरी थट्टा. डेसमंडने आपली पट्टी दाबली आणि मजकूर सगळ्यांना दाखवला. ‘डेसमंडचा फोन वाजेल. उचलला की बंद होईल.’ त्याने लिहिलं, भुतानेही पैसे वाचवायला मिस्ड कॉलच द्यावा ना.

मी माझी पट्टी दाबली नाही. नियम आहे, आधी पाहायचं, मग वाचायचं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

डेसमंडचा फोन दर तासाला वाजतो आहे. आज त्याने छत्रीवर एकही विनोद केला नाही. तार भिंतीतून उपटली म्हणतो, तरी वाजतो. माझ्या मनात आलं, आता सांगावं. बोटं कीबोर्डच्या कळांवर ठेवलीसुद्धा. मग वाटलं, दोन दिवस वाजू दे. तिच्याकडे सहा महिने वाजत होता.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

डेसमंड गेला. त्याच्या बायकोने त्याच्या नावावरून कळवलं. खांबावरची तार कापायला शिडी लावून चढला आणि खाली आला. फोन अजून वाजतो आहे, कोणीतरी बंद करा, असं तिने लिहिलं होतं.

मी चहा केला. त्यात बिस्किट बुडवलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. कुंपणावरचा मॅगपाय पक्षी माझ्याकडे मान वाकडी करून बघत होता. त्यालाही मी बिस्किट दिलं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आता वर्ना. तिच्या मुलीला पत्र आलं. चर्चला आलं. नातवाच्या शाळेला आलं. या बाईला मुलांजवळ ठेवू नका. निनावी, पण अक्षर वर्नाचंच, तिच्या त्या लांब शेपटीच्या इंग्रजी ‘जी’सकट. मुलीने दार लावून घेतलं.

दुपारी तिने मला एकटीला लिहिलं. ते जसंच्या तसं उतरवते.

‘रॉझ, तू तिची मैत्रीण होतीस. तिला काय हवंय ते तुला माहीत असेल तर दे ना बाई. मी पाया पडते. नातू उद्या सात वर्षांचा होतोय.’

काय हवंय ते मला माहीत आहे. एक पोस्ट. चार ओळी.

मी लिहिलं, सव्वीसला बघू.

२२ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चमध्ये मासला गेले नाही. वर्नाने सकाळी लिहिलं, ‘मी नाही केलं. कोणी ऐकत नाही.’ त्यानंतर तिचं काहीच नाही. डनीडनच्या बातम्यांत किनाऱ्यावर एका बाईचे बूट सापडल्याचं होतं. मी तीनदा वाचलं. आधी दोनदा समाधानाने, तिसऱ्यांदा नाही.

राखणदाराला पोस्ट कोणाच्या इंटरनेट जोडणीवरून आली ते दिसतं. ‘पुढच्या भागात’ कुठून आली ते इतके दिवस बघायचं टाळत होते. आज पाहिलं.

या घरातून. याच खोलीतून.

टॅमसिनला फोन करून विचारलं, मावशीचा कंप्युटर कुठे आहे. ती म्हणाली, तो तर केव्हाच मोडीत दिला, आंटी. तुम्हाला बरं नाहीये का? सूप घेऊन येऊ का?

नको म्हटलं. का नको म्हटलं?

२३ ऑक्टोबर, सोमवार

आज सात जणच. मग पाच. कोणी निरोप घेत नाही, वाक्याच्या मध्येच थांबतात. एकाने नुसतं लिहिलं, दारात माणसं उभी आहेत, ओळखीची नाहीत, माझ्या नावाने हाका मा—

दुपारी उन्हात, खिडकी उघडी असताना, मागून कळांचा आवाज आला. ग्लेनिस दोनच बोटांनी टाइप करायची. टक, टक. थांबून, टक.

वळून पाहिलं. खुर्ची. खळगा होता तिथेच, फक्त खोल.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

पट्टी दाबली. माझी.

‘रॉझलीन खरं सांगेल. तेव्हा ऐकायला कोणी नसेल.’

एवढंच.

म्हणजे मी जितकी थांबले तितके— डेसमंडच्या वेळीच चार ओळी लिहिल्या असत्या तर— वर्नाने तर मागितलं होतं. पाया पडून.

२५ ऑक्टोबर, बुधवार

लिहिलं. घड्याळ, बाप्तिस्मा, सगळं. ग्लेनिस निर्दोष होती, दोषी मी. पाठवलं. पोस्ट उमटली.

कोणी नाही. एकेकाला फोन केले. एका घरी मुलगा रडत होता, बाकी नुसते वाजत राहिले.

कोपऱ्यात हजर किती ते दिसतं. हजर: १. ती मीच.

चहा ठेवून आले. हजर: २.

लिहिलं, ग्लेनिस, मला क्षमा कर.

टक. टक.

‘तू उत्तर दिलं नव्हतंस.’

टॅमसिनला इथे येऊ नको म्हणून सांगितलं. तिने काही केलेलं नाही. दार आतून लावलं. पण लावायचं कोणासाठी, ती तर आतच—

२६ ऑक्टोबर, गुरुवार

तीनला वीस मिनिटं कमी. टीव्ही मी लावलेला नाही.

स्टूल मोडलं आहे. बसायला एकच जागा उरली.

‘बस, रॉझ. सुरू होतंय.’

उभ्यानेच लिहिते. अक्षर वेडंवाकडं, पण माझंच.

मालिकेच्या टेपांची बारा खोकी बॅथर्स्टच्या ग्रंथालयाला. नको म्हणाले तर धक्क्यावरून फेकावीत.

जपमाळ क्लोडाला, भावाच्या मुलीला. बाप्तिस्म्याची चूक तिची नाही, हे तिला कोणीतरी सांगावं.

हिरवा कोट टॅमसिनला. खांद्यात उसवला आहे.

१४ तारखेचं पान शाळेच्या ग्रंथालयाला. मोठ्या अक्षरात करून, मुलं बसतात तिथल्या भिंतीवर. एक प्रत डेसमंडच्या बायकोला. एक वर्नाच्या नातवाला, तो मोठा झाल्यावर. त्याला सांगा, हे मला थांबवता आलं असतं.

कट्ट्याची किल्ली कोणालाच नाही.

खळग्यातून कोणीतरी उठलं. माझ्यासाठी जागा—

ही वही टॅमसिनला. मावशीच्या थडग्याशी बसून तिने मोठ्याने वाचावी, सगळी. १९ तारीख गाळू नये. मला बरं वाटलं असं त्यात आहे, ते खरं आहे, आणि ग्लेनिस, ऐक, अजूनही मला—