विहीणबाईंसोबत टँगो केल्याबद्दल खुलासा

बाभुळगाव,
दिवाळीनंतरचा मंगळवार

ढाणकीचे माननीय रामरावजी यांना बाभुळगावच्या किसनरावचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. एरंडेलाचं तेल कोमट करून लावावं, गरम लावू नये, माझी कातडी गेली होती. कापसाची वेचणी कुठवर आली? इकडे बायाच मिळत नाहीत. आमच्याकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मी सोडून. तुम्हाला 'व्याही' लिहावं की नुसतं 'रामरावजी', या विचारात एक कागद वाया गेला. (अजून सुपारी फुटली नाही. आधी लिहून मग खोडण्याची पाळी येऊ नये.)

आमची सत्यशीला तुमच्या अनिकेतरावांना पसंत आहे आणि तिलाही ते पसंत आहेत. फक्त तुमच्या घरून होकार यायचा आहे. तुमचा गुडघा धरल्यामुळे घर पाहायला विहीणबाई एकट्या आल्या, आणि त्या गेल्यापासून तुमच्याकडून निरोप नाही. का नाही, ते मी समजून आहे. तुम्ही पेपरमधला फोटो पाहिला असेल. म्हणून जसं घडलं तसं लिहितो, कमीजास्त करत नाही.

तुम्हाला माहीतच आहे की कपाशीचे हाल झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात पाहुण्यांना तोटा नाही. आधी पाहणी करणारं पथक आलं, मग श्वास कसा घ्यावा ते शिकवणारे आले. (मी तोवर चुकीचाच घेत होतो म्हणे.) मग गायी वाटणारे आले. आता पुण्याची एक संस्था आली. माणसाच्या मनावरचा ताण नाचल्यानं उतरतो असं त्यांचं म्हणणं, आणि नाच तोही साधा नाही, टँगो नावाचा, समुद्रापलीकडचा. आमच्या इथलं सरकी काढायचं एक जिनिंग यंदा बंद आहे, त्याच्या शेडमध्ये कार्यक्रम ठेवला होता. विहीणबाईंनी पोहे खाऊन झाल्यावर विचारलं की गावात काही पाहण्यासारखं आहे का. मला दुसरं काही सुचलं नाही. इथून सगळं सुरू झालं.

आम्ही पोहोचलो तेव्हा समजावून सांगणं संपलं होतं. दारात टेबलावर दोन मडकी होती. एकात पुरुष चिठ्ठ्या टाकत होते, एकात बाया. आता रामरावजी, बियाण्याच्या कंपन्यांच्या मेळाव्यात तुम्हीही गेला असाल. चिठ्ठी टाकली की कोणाला फवारणीचा पंप लागतो, कोणाला कुकर. मला एकदा प्लास्टिकचा टब लागला होता, तो अजून वापरात आहे. मी माझं नाव टाकलं. मग मनात आलं, पाहुण्या रिकाम्या हातानं जातील, त्यांनाही काही लागलं तर लागू द्या. म्हणून मी त्यांचंही नाव टाकलं. यात पाहुणचारापलीकडे माझा काही हेतू होता असं कोणी म्हणत असेल तर तो मनुष्य खोटा आहे.

मग संस्थेची भैरवी नावाची बाई आणि तिचा जोडीदार यांनी आधी स्वतः नाचून दाखवलं. दोघं इतकी जवळ की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. आम्ही जुनी माणसं जमिनीकडे पाहत बसलो. नंतर तिनं मडक्यात हात घातला आणि पुकारलं, "किसनराव." मी टब घ्यायला उभा राहिलो. मग दुसऱ्या मडक्यात हात घातला आणि पुकारलं, "विमलताई, ढाणकी." तेव्हा शेजारच्या पूनमसिंगनं मला सांगितलं की बक्षीस वगैरे काही नाही, निघालेल्या जोडीनं नाचायचं, आणि गाणं कोणतं लागेल ते त्या दोघांनाही आधी सांगत नाहीत.

मी म्हटलं, मला चक्कर येते. (येते. डॉक्टरची चिठ्ठी आहे.) पण तोवर विहीणबाई पदर खोचून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "चला ना. पोरावाल्याचं नाव पुकारलं, मान देऊन राह्यले. बसून राह्यलं तं अपमान होते." आता तुम्हीच सांगा. नाही म्हटलं तर साऱ्या तालुक्यासमोर मुलाकडच्यांचा अपमान, हो म्हटलं तर तुम्ही. मी हाताला हात लावला नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक त्यांना दिलं, एक मी धरलं. मध्ये भरपूर अंतर होतं. फोटोत कमी दिसतं, तो फोटोवाल्याचा दोष.

त्या नाचात बांधीव असं काही नसतं. पुरुषानं पुढे चालायचं, बाईनं मागे, बाकी सुचेल तसं. भैरवीबाईंनी हे सांगताच विहीणबाई थांबल्या. "मी मांगं जाणार नाई," म्हणाल्या. "पोराकडची हाय मी. पोरावाल्यानं पोरीवाल्यासमोर मांगं कायले जाव?" भैरवीबाई म्हणाल्या, यात मुलाकडचे-मुलीकडचे असं नसतं. विहीणबाई म्हणाल्या, "बाई, तुह्यं लग्न झालं काय?" झालं नव्हतं. त्यामुळे तो मुद्दा तिथंच मिटला आणि मी उलटा चालू लागलो.

आधी एक भात्याचं वाद्य लागलं, कोणी उंबऱ्यात बसून हुंदके देतं तसं. आम्ही जरा कुठे हललो तोच लाइन गेली. आमच्याकडचं भारनियमन तुम्हाला ठाऊक आहे. मी देवाचे आभार मानून बसायला निघालो, तर भैरवीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या की उत्तम झालं, आता जो आवाज येईल त्यावर नाचा. आणि रामरावजी, त्याच वेळेला रस्त्यानं औषध कंपनीचा ऑटो भोंगा लावून आला. बोंडअळीचा नायनाट, मावा-तुडतुड्यावर खात्रीचा इलाज, मध्येमध्ये ढोलकी. तो ऑटो नेमका जिनिंगच्या फाटकात पंक्चर झाला. भोंगा बॅटरीवर होता.

मला सुचेल ते म्हणजे काय सुचणार. पाठीला पंप आहे असं समजून मी फवारत मागे जाऊ लागलो. विहीणबाई दोन्ही बाजूंची बोंडं वेचत पुढे येत होत्या. मागे गेल्या सालच्या रुईच्या गाठी होत्या, वजनकाटा होता, आग विझवायला भरलेल्या पाण्याच्या बादल्या होत्या. मी सारखी मान वळवत होतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "भेवू नका. मांगचं मी पाहून राह्यली." आणि दुपट्ट्याला हिसका देऊन, बैल वळवतात तशा, मला वळवू लागल्या. मी मुलखाचा भित्रा मनुष्य. बसमध्ये बसलो तरी ब्रेक लागेल की नाही याची काळजी करतो. पण तेवढा वेळ मला कशाची भीती वाटली नाही, हे तुम्हाला लिहायला नको होतं, पण लिहिलं. शेडमधली माणसं हसून हसून खाली बसली. त्यात काही अशी होती जी या वर्षात हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये फोटो आला. खाली छापलं, 'बाभुळगावच्या दाम्पत्याचा टँगो.' आमच्या सौभाग्यवती बिजलीबाईंना वाचता येत नाही, पण फोटो पाहता येतो. त्या नाचाबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बजारात माह्या दहा हात पुढं चालता. मी मेली का पडली, मांगं वळून पाह्यत नाई. अन् ईनबाईसमोर उलटे." तेव्हापासून मला भाजीत मीठ नाही.

तेव्हा माझ्या उलट्या चालीची शिक्षा पोरीला देऊ नये. तिचा यात दोष नाही, ती तर घरी पोह्यांची भांडी घासत होती. होकार कळवावा. विहीणबाईंना नमस्कार (लांबून), अनिकेतरावांना आशीर्वाद.

तुमचा नम्र,
किसनराव

ता. क. पेपरवाल्याकडे जाऊन चूक दुरुस्त करायला सांगितलं. 'हे दाम्पत्य नसून व्याही-विहीण आहेत' असं छापतो म्हणाला. मी हात जोडून नको म्हटलं.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो तोच विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या मनात स्थळ पक्कं आहे, त्या माहेरी पुसदला थांबल्या म्हणून निरोप राहिला. तुमचा चष्मा फुटलाय, म्हणून तुम्ही पेपर पाहिलाच नाही, आणि त्यांनीही तुम्हाला काही सांगितलं नाही. तेव्हा वरचं सगळं वाचलं नाही असं समजावं. चष्मा नसल्यामुळे हे पत्र विहीणबाईच वाचून दाखवत असतील तर त्यांना रामराम, आणि भीती वाटली नाही हे वाक्य त्यांनी गाळावं.

ता. क. ३. मग पत्र फाडलं का नाही, तर अडचण वेगळीच आहे. साखरपुड्यात दोन्हीकडच्या व्याही-विहिणींनी हाच नाच करावा, असं विहीणबाईंनी फोनवर ठरवून टाकलं. चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत, माझ्यासोबत त्या आणि तुमच्यासोबत बिजलीबाई. मी नाही म्हणू शकत नाही, मी पोरीचा बाप. तुम्ही मुलाचे बाप आहात, तुमचा शब्द मोडता येत नाही. कृपा करून मोडता घालावा. बिजलीबाई फोन आल्यापासून अंगणात चालून पाहत आहेत, नुसत्या पुढे. मी म्हटलं, मुलाकडच्यांसमोर मागे जावं लागतं. त्या म्हणाल्या, "मी आजवर मांगंच चालली." तेव्हा तुमच्याच्यानं मोडता घालवला नाही तर गुडघ्याला आतापासून उलटं चालायची सवय करावी. एरंडेल पाठवतो आहे.