निळ्या पिंपाच्या आधी

प्रिय भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच ‘मावशी, नंतर बोलते’ म्हणून ठेवून देता येत नाही. टीव्हीवरच्या तुमच्या गाड्यांच्या कार्यक्रमाला म्हणे बक्षीस मिळालं, तेही संकलनाला, म्हणजे तुलाच. तुझी आई सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं आणि बरंच खुपलं.

तुला आठवतं का गं, टायरच्या कारखान्यामागचा तो ट्रॅक? गाडी पळवून नवे टायर झिजवायचे आणि पारखायचे, ही माझी नोकरी. मला कुणी शिकवलं नाही. टायर बोलायचे आणि मी ऐकायचे. सुट्टीला तुला शेजारी बसवून संथ फेरी मारायचे, तर तू कुरकुरायचीस, वळणाआधी एवढं हळू कशाला म्हणून. मी सांगायचे, टायर हे हट्टी पोर आहे, त्याला एका वेळी एकच काम सांगावं. थांब आणि वळ असं एकदम म्हटलं, की ते दोन्ही टाकून पळतं. ब्रेक सरळ रस्त्यावरच दाबायचा, मग वळता वळता पाय हलका करायचा, आणि नजर भिंतीकडे नाही, जिथे बाहेर पडायचंय तिथे. तू ते पाठ म्हणायचीस, डोळे मिटून. नजरेचा धडा डोळे मिटून, असं म्हणून मी हसायचे.

तुझ्याच शब्दाखातर मी तुमच्या कार्यक्रमात गाडी चालवायला आले. हेल्मेट तुमच्या त्या गॉगलवाल्या सूत्रसंचालकाचं, जाकीट त्याचं, हातमोजेही त्याचेच. आतले हात तेवढे माझे. तो सुरुवातीला दार लावतो, शेवटी दार उघडून घाम पुसतो; मधला घाम माझा. एकदा तू मला तुझ्या त्या संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत नेलंस आणि कौतुकानं सगळं दाखवलंस. लोक जिला एक फेरी समजतात, ती पाच फेऱ्यांची ठिगळं जोडून केलेली. एकदा कॅमेरा गवतात, एकदा पुलावर, एकदा माझ्या पायाशी. आवाज तर दुसऱ्याच गाडीचा, कारण मी पाय उचलला की आमच्या इंजिनाचा आवाज पडतो आणि तो तुला मिळमिळीत वाटला. शेवटी नावं सरकली. त्यात चहा देणाऱ्याचंही नाव होतं, देव त्याचं भलं करो. माझं नव्हतं. तू म्हणालीस, तुझं नाव टाकलं तर रंगत जाते गं मावशी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी गिळलं. पुढे मेकॅनिककडून कळलं, की नाव गाळायची सूचना वरून आलीच नव्हती. तुझीच होती.

त्या रुसव्यासाठी मात्र हे पत्र नाही. भिंतीजवळच्या लांब वळणाआधी निळं पिंप आहे ना, त्याच्या बरंच आधी माझा पाय ब्रेकवर जातो. तू माझ्या पायाचं ते चित्र उचलून पिंपाच्या नंतर लावलंस. बघणाऱ्याचा श्वास अडकतो म्हणालीस. अडकला खरा. परवा ट्रॅकच्या कँटीनमध्ये गॉगलवाला हात हलवून सगळ्यांना समजावत होता, की त्या वळणाला आपण पिंप मागे पडल्यावरच ब्रेक मारतो. मेकॅनिक म्हणाला, साहेब, बाई आधी मारतात. तर हा हसतो कसा, म्हणे टीव्ही बघत जा जरा. थट्टा नव्हती बाई ती. इतक्या वेळा स्वतःला चालवताना पाहिलंय त्यानं, की आपणच चालवतो असं त्याला खरंच वाटतं. गाडी चालवायला तो तुझ्या कात्रीकडून शिकलाय.

आणि आज तुझी आई सांगते, की पुढचा भाग ‘न कापलेली फेरी’. चालवणार तो, आणि शेजारी कॅमेरा धरून तू. मी काही बोलले की तुम्ही म्हणणार, म्हातारीला जागा गेल्याचं दुःख. म्हणा. दुःख आहेच. पण त्याला आधी माझी मूळ फेरी दाखव, सलग, तिच्या स्वतःच्या पडक्या आवाजासकट. आवाज कुठे पडतो ते ऐकू दे. ऐकूनही त्याला पिंपच ओलांडायचं असेल, तर ओलांडू दे. तू मात्र शेजारी बसू नकोस. माझं नाव कापलंस, ते मी एक दिवस विसरेनही. त्या भिंतीपाशी तुला काही कापता येणार नाही, पोरी.

अजूनही तुझीच,
मावशी