आमोण्याच्या मातीचा पेपर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता लिहून काय उपयोग म्हणा. पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते मला शहाणपणा शिकवतील, आणि तो ऐकायची आज माझी तयारी नाही. सकाळपासून नुसती घरभर फिरतेय. चहा केला, तोही निवून गेला.

आमोण्याचा तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो. गोवा नुकतं राज्य झालेलं, मराठी की कोकणी म्हणून घराघरांत वाद, आणि मी तुमच्या हाताखाली संशोधन करणारी, स्वतःला फार कुणीतरी समजणारी मुलगी. खाणीचा तांबडा गाळ उतरलेल्या शेतांतली माती पिशव्यांत भरून आपण एका घरी टेकलो. स्वयंपाकघरातच पाट मांडलेत, चुलीवर चहा उकळतोय, पुढ्यात बेकरीतले गरम गोल पाव, उंडे. घरची बाई मला विचारते, "आमचे मातयेचें कितें कळ्ळें गो?" मी म्हणते, छापून आलं की कळेल. तुम्ही हातातला उंडा खाली ठेवलात. "छापून कुठे? तो अंक ह्या घरात येणार आहे? माती यांची आणि उत्तर परदेशात?" सगळ्यांसमोर बोललात. माझे कान तापले. मग आदल्या हंगामाच्या तपासणीत काय सापडलं ते तिला सांगत बसलात, अर्धं मराठीत, अर्धं कोकणीत. भाषेचा वाद तिथे कोणालाच आठवला नाही.

तुमचे लेख तर तुम्ही मागेल त्याला पोस्टाने पाठवायचात. हळर्णच्या एका मास्तरांनासुद्धा पाठवलेला आठवतो. तेव्हा मला तो तुमचा भाबडेपणा वाटायचा.

आता मीच निवृत्तीला आलेय. त्याच शेतांवर माझ्या विद्यार्थिनीने काम केलं. कोल्हापूरहून बांधकामावर आलेल्या गवंड्याची मुलगी, डिचोलीत वाढलेली. आम्हा दोघींचा पेपर एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला. पण वाचायचा तर वाचणाऱ्याने पैसे भरायचे. सगळ्यांना खुला ठेवायचा तर आम्ही भरायचे, आणि तो आकडा ऐकून विद्यापीठाने हात वर केले. वर अट अशी, की छापण्याआधी बाहेर दिलात तर रद्द. रद्द झाला तर पोरीची पीएचडी लटकणार. आणि इकडे खाण पुन्हा सुरू करायची जनसुनावणी तोंडावर आलेली. आमोण्याचा एक शेतकरी मला रोज फोन करतो. "मॅडम, आमच्याच शेताचां तुम्ही लिवलां मां? मग सुनावणीत आम्ही दाखवायचां काय?" मी म्हणते, बघते हां. काय बघते, डोंबल. झोप उडालीय माझी. कुणाची बाजू घेतली तरी दुसऱ्याचं वाटोळं.

काल न राहवून पोरीला घरी बोलावलं. तिलाच विचारावं म्हटलं. मी विषय काढायच्या आत म्हणाली, "मॅडम, मी पेपर आमोण्यात देऊन आले. मराठीत करून दिला."

"अगं, आणि तुझं काय?"

"माझं बघू. बाबा विचारत होते, एवढी वर्षं त्या चिखलात काय शोधत होतीस. म्हणून आधी त्यांना वाचून दाखवला. त्यांना कळला. म्हटलं, मग आमोण्यातही कळेल."

हे सांगताना ती जराही घाबरलेली नव्हती. चहा पिऊन, कप विसळून गेली.

तुम्ही असतात तर तिला तिथेच जवळ घेतलं असतंत. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं, कारण ती पायऱ्या उतरते न उतरते तोच मी मेल उघडून पाहिलं, पेपर रद्द तर केला नाही ना. आणि बाई, आत्ता हे लिहिता लिहितासुद्धा मी मधेच उठून परत बघून आले.