दगडावरचा नांगर

रोम

त्रोफिमस भाऊजी,

यांच्या कबरीसाठी तुम्ही पाठवलेला दगड मिळाला. चांगला ठसठशीत जहाजाचा नांगर कोरून घेतलाय. वर निरोप, "वहिनी, आपल्या ख्रिस्ती माणसांत नांगर म्हणजे आशा." मला शिकवताय? त्या वादळात तुमचा सख्खा भाऊ खाली होडीत होता, आणि तेलाचे बुधले वाचवायला तुम्ही, त्याला वर घ्यायला न थांबता, नांगराचा दोर कापून जहाज बंदरात पळवलंत. बुधला एकही फुटला नाही. आमचा माणूस मागाहून वाळूवर सापडला.

आज भुयारात कबरीच्या तोंडावर दगड बसवला. गवंडी ओरडला, "अहो बाई, उलटा लागतोय, चित्र आत जाईल!" म्हटलं, "जाऊ दे. आतल्यालाच तो मिळाला नव्हता."

हे पत्र मी पाठवणार नाही. वर्षदिनाला सगळं गोत कबरीपाशी जेवायला जमेल, तुम्हीही नांगराचा दगड दिला म्हणून सगळ्यांना सांगत, मिरवत याल. कोरा दगड बघून कुणीतरी विचारेलच, "अगं, नांगर कुठाय?"

तुमच्या तोंडात घास असेल. मी म्हणेन, "भाऊजींना विचारा. नांगराचं काय केलं, ते त्यांनाच ठाऊक."

वहिनी म्हणू नका,
अगाथोची विधवा विटालिया